ॲट्रॉसिटीची तक्रार देताना: मराठवाड्यातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

बऱ्याच ॲट्रॉसिटीच्या केसेस ज्या दिवशी नोंदल्या जातात त्याच दिवशी बिघडतात. आरोपी सुटले की लोक कोर्टाला, सरकारी वकिलाला, फितूर साक्षीदाराला बोल लावतात. पण जुनी फाईल उघडून पहिला जबाब वाचला की कळतं, तिथं लिहायला हवं होतं ते लिहिलंच गेलेलं नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या पहिल्या जबाबाला दिली आहे. गावात काही घडलं की ज्याला पहिला फोन येतो त्या पोरासाठी, पोरीसाठी हे लिहिलं आहे. वकिलांना यातलं बरंचसं माहीत असतं. फक्त घटनेच्या रात्री वकील ठाण्यात नसतो.

आधी ओळखा: हा नुसता भांडणतंटा आहे की द्वेषाचा गुन्हा?

द्वेषातून घडणाऱ्या सगळ्या गुन्ह्यांसाठी आपल्याकडे एकच कायदा नाही. कोणावर आणि कशामुळे हल्ला झाला यावर कायदा बदलतो.

पीडित अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल आणि समोरचा त्या प्रवर्गातला नसेल, तर अत्याचार प्रतिबंध अधिनियम 1989, म्हणजेच ॲट्रॉसिटी कायदा, लागू होतो. बौद्ध झालेले अनुसूचित जातीचे लोक 1990 च्या दुरुस्तीपासून यात येतात. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, त्यामुळे बीड, धाराशिवकडच्या पारधी वस्त्यांवरचे हल्ले थेट या कायद्याखाली येतात. बंजारा, वडार, धनगर मात्र आपल्या राज्यात विमुक्त भटक्यांच्या यादीत आहेत, त्यांना हा कायदा लागत नाही. ही गोष्ट लोकांना ठाण्यात गेल्यावर कळते आणि मग फार मनस्ताप होतो; तांड्यावर काम करणाऱ्यांनी ती आधीच सांगून ठेवावी.

जातपंचायतीने किंवा गावाने वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. महाराष्ट्राने तो 2016 साली केला आणि जुलै 2017 पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हा कायदा कोणत्याही जातीच्या माणसाला वापरता येतो.

धर्मावरून मारहाण, मशिदीसमोर किंवा मंदिरासमोर भडकवणारी भाषणं, व्हॉट्सॲप स्टेटसवरून घरात घुसणं, अशा वेळी भारतीय न्याय संहितेची कलमं येतात. दोन गटांत वैर पेटवण्यासाठी 196, धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्यासाठी 299. पाच किंवा जास्त जणांच्या जमावाने जात किंवा समुदाय, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर 103 (2), गंभीर दुखापत केली तर 117 (4). जमावाच्या हिंसेसाठीची ही दोन कलमं 1 जुलै 2024 पासून नव्याने आली आहेत आणि काही ठाण्यांतल्या लोकांच्या ती अजून हाताखालून गेलेली नसतात, तेव्हा आकडे पाठ ठेवा. 196 किंवा 299 ला सरकारची मंजुरी लागते असं सांगून कोणी परत पाठवलं, तर ठामपणे सांगा की मंजुरी कोर्टाने खटला दाखल करून घेण्यासाठी लागते, गुन्हा नोंदवायला लागत नाही.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा आणि अपंगांसाठी 2016 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यातही छळाला शिक्षा आहे.

आता द्वेष ओळखायचा कसा? मराठवाड्यात त्याच्या जागा आणि वेळा ठरलेल्या असतात. 14 एप्रिलची मिरवणूक, निळा झेंडा, लग्नाची वरात वेशीतून नेणं, गायरान कसणं, ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या दलित सरपंचाने खुर्चीवर बसणं, आंतरजातीय प्रेम. 1978 च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा जीव गेला. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. 2023 च्या जूनमध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाचा खून झाला, तेव्हाही गावातल्या आंबेडकर जयंतीचाच विषय निघाला. म्हणून वरवर बांधाचं किंवा गाडी लावण्याचं भांडण दिसलं तरी मागच्या सहा महिन्यांत काय झालं होतं ते विचारा. झेंड्यावरून खुन्नस होती का? गायरानाच्या सातबाऱ्यावरून धमकी होती का? मूळ कारण तिथं सापडतं, आणि ते जबाबात यायला हवं.

पहिल्या काही तासांत

जखमी माणूस असेल तर आधी दवाखाना. ग्रामीण रुग्णालय असो की जिल्हा रुग्णालय, केसपेपरवर मारहाणीची नोंद व्हायला हवी, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते. भीतीपोटी लोक डॉक्टरला ‘गाडीवरून पडलो’ असं सांगतात. पुढे आरोपीचा वकील नेमका तोच केसपेपर काढून दाखवतो. कोणी मारलं, कशाने मारलं, हे डॉक्टरला सांगा आणि लिहिलं का ते बघा.

रक्ताचे कपडे धुऊ नका; वाळवून कागदात गुंडाळा. शिवीगाळ फोनवर किंवा स्टेटसवर असेल तर स्क्रीनशॉट पुरेसा नाही. दुसऱ्या मोबाईलने व्हिडिओ घ्या, त्यात प्रोफाईल, नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. ज्या फोनवर ते आलं तो फोन जपून ठेवा, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि ती पोस्ट निषेध म्हणून दहा ग्रुपवर पुढे पाठवू नका. त्याने वस्तीचं वातावरण तापतं आणि उद्या तुमच्यावरच गुन्हा येऊ शकतो.

हल्ला सुरूच असेल तर 112. अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 हा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर आहे, टोल फ्री. तक्रार नोंदवल्यावर डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मिळतो, तो लिहून ठेवा.

ठाण्यात: पहिला जबाब

फिर्यादीसोबत तुम्ही आत जाऊ शकता का, हा पहिलाच प्रश्न नव्या पोरांना पडतो, कारण ठाणे अंमलदार विचारतो, ‘तू कोण? वकील आहेस का?’ ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15-अ मध्ये पोटकलम 12 आहे. सामाजिक कार्यकर्ता, संस्था किंवा वकील यांची मदत घेणं हा पीडिताचा हक्क आहे, असं ते सांगतं. आवाज न चढवता एवढं सांगायचं. ठाण्यात घोळक्याने जाऊन घोषणा देण्यापेक्षा दोन माणसं शांतपणे बसलेली जास्त उपयोगी पडतात.

आता मुख्य काम. ठाण्यातला लिहिणारा दिवसाला कितीतरी फिर्यादी लिहितो, त्याची वाक्यं ठरलेली असतात. तो लिहितो: ‘यातील आरोपीने मागील भांडणाची कुरापत काढून फिर्यादीस जातीवाचक शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे मारण्याची धमकी दिली.’ वाचायला हे व्यवस्थित वाटतं. पण या वाक्यावर कलम 3 (1) (r) आणि (s), म्हणजे जातीवरून अपमान आणि शिवीगाळीची कलमं, टिकवणं अवघड जातं. आरोपी नेमकं काय बोलला ते यात नाही, कुठं बोलला ते नाही, कोणी ऐकलं ते नाही आणि त्याला फिर्यादीची जात माहीत होती का, तेही नाही.

फिर्यादीला तिथंच बसवून असं बोलतं करा:

‘रात्री साडेनऊच्या सुमारास मी मारुतीच्या पारासमोरून घरी जात होतो. पारावर अमुक, तमुक बसले होते. आरोपी आमच्याच गावचा आहे, त्याचं शेत आमच्या गायरानाला लागून आहे, तो मला आणि माझ्या वडिलांना लहानपणापासून ओळखतो, आमची जात त्याला माहीत आहे. त्याने मला थांबवून…’ आणि इथं शिवी जशीच्या तशी, जातीच्या नावासकट. पुढे, ‘तुम्ही लई माजलात, जयंतीला डीजे लावता का, असं म्हणून काठीने डाव्या हातावर मारलं.’

या मजकुरातलं एकेक वाक्य एकेका कलमाचं ओझं उचलतं. अपमान किंवा जातीवरून शिवी ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’ झाली पाहिजे असं कायदा म्हणतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणीच नसताना शिवी दिली तर हे कलम टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली पुन्हा सांगितलं. उलट जागा खासगी असली तरी बाहेरच्या माणसांना दिसत, ऐकू येत असेल तर चालतं. म्हणून पार, पानटपरी, एसटी स्टँड, घरासमोरचा रस्ता हे नेमकं लिहून घ्या आणि ऐकणाऱ्यांची नावं द्या. ओळखीचं वाक्य तेवढंच महत्त्वाचं. कलम 8 प्रमाणे आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला वैयक्तिक ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं. माहीत नव्हती हे दाखवायची जबाबदारी त्याच्यावर जाते. पाचशे उंबऱ्यांच्या गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? पण हे गृहीतक वापरायचं तर ओळख कागदावर पाहिजे.

बायका शिवी जशीच्या तशी सांगायला संकोचतात, लिहिणारा पुरुष असेल तर जास्तच. महिला अंमलदार मागा. एखादी कार्यकर्ती सोबत असली तर ती फिर्यादीला धीर देऊ शकते, पण शब्द तिने सुचवू नयेत. फिर्यादीचे शब्द फिर्यादीचेच राहिले पाहिजेत, उलटतपासात तेच तिला आठवणार असतात.

आणखी एक, जे ऐकून वस्तीतले लोक माझ्यावर नाराज होतात. जे हजर नव्हते त्यांची नावं टाकू नका. रागाच्या भरात आरोपीचा भाऊ, चुलता, म्हातारी आई, सगळ्यांची नावं घातली जातात. पुढे चुलता त्या दिवशी लातूरला दवाखान्यात होता हे सिद्ध होतं, आणि मग खऱ्या आरोपीबद्दल सांगितलेलंही कोर्टाला खोटं वाटू लागतं. ‘ॲट्रॉसिटीचा गैरवापर होतो’ असं म्हणणाऱ्यांच्या हातात आपणच कोलीत देतो.

सही करण्याआधी जबाब वाचून दाखवणं हे कलम 4 प्रमाणे पोलिसांचं कर्तव्य आहे. एफआयआरची प्रत ताबडतोब आणि फुकट देणंही. रात्रीचे दोन वाजले असले तरी वाचून घ्या, दुरुस्ती करून घ्या, मगच सही किंवा अंगठा.

जातीचा दाखला आणल्याशिवाय गुन्हा नोंदवत नाही, असं काही ठिकाणी ऐकायला मिळतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो. दाखला नंतर, अर्थसहाय्याच्या प्रस्तावाला लागेल तेव्हा देता येतो. ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ हेही चालत नाही. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीची अट घातली होती, त्याच वर्षी संसदेने कलम 18-अ आणून ती काढली, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं वेगळं. घटना कारखान्यावरच्या कोपीत (झोपडीत) घडते, मुकादम तिथल्या ठाण्यात जाऊ देत नाही, आणि माणूस आपल्या तालुक्यात परत येतो. अशा वेळी झिरो एफआयआर मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, मग गुन्हा त्या ठाण्याकडे वर्ग होतो.

घेतलंच नाही तर

एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) फाडून हातात देणं ही जुनी युक्ती आहे. तसं झालं तर तिथं वाद घालत बसू नका. तोच मजकूर लेखी करून पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत एसपी ऑफिसच्या आवक विभागात देऊन शिक्का मारलेली पोहोच घ्या. प्रत्येक जिल्ह्यात नागरी हक्क संरक्षणाचं पथक असतं, त्यांनाही प्रत द्या. तरीही हललं नाही तर वकिलामार्फत कोर्टात जाऊन तपासाचा आदेश मागता येतो. हेतुपुरस्सर कर्तव्य टाळणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला कलम 4 मध्ये सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे, पण ती चौकशीनंतरच पुढे सरकते. अर्जात या कलमाचा उल्लेख मात्र जरूर करा, कागद पटकन हलतो.

क्रॉस केस आणि गावाचं दडपण

आपली फिर्याद झाली की दोन-चार तासांत समोरून विनयभंगाची किंवा दरोड्याची तक्रार येते. जवळजवळ ठरलेलं आहे हे. म्हणून वेळ महत्त्वाची: दवाखान्यात आणि ठाण्यात आधी कोण पोहोचलं ते कागदावर दिसतं. आपली माणसं त्या वेळी कुठं होती याचा पुरावा (टपरीचा सीसीटीव्ही, दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीट) त्याच दिवशी गोळा करा. सीसीटीव्हीवरचं जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं.

मग तडजोडीची बैठक. सरपंच, पोलीस पाटील, कधी आपल्याच समाजातला पुढारी. ‘गावात राहायचंय ना?’ ॲट्रॉसिटीचा गुन्हा गावाच्या बैठकीत मिटत नाही, पण साक्षीदार तिथंच फुटतात. फिर्यादीला एकट्याला अशा बैठकीला पाठवू नका आणि कोऱ्या कागदावर सही देऊ देऊ नका. धमकी आली तर तो नवा गुन्हा आहे, वेगळी तक्रार द्या.

आणि बहिष्कार. किराणा देत नाहीत, पिठाच्या गिरणीवर दळण घेत नाहीत, मजुरीला सांगत नाहीत, काळीपिवळीत बसवत नाहीत. हे उघड कोणी बोलत नाही, म्हणून पुरावा राहत नाही. एक वही घाला: तारीख, दुकान, काय मागितलं, काय उत्तर आलं, सोबत कोण होतं. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3 (1) (zc) खालीही गुन्हा आहे. चार-पाच घरांच्या अशा वह्या तहसीलदारापुढे ठेवल्या की त्यांना ‘गावात शांतता आहे’ असा अहवाल लिहिणं जड जातं.

तपास, पैसे, कोर्ट

तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही आणि दोषारोपपत्र 60 दिवसांत जायला हवं. घटनास्थळाचा पंचनामा करताना पंच कोण आहेत याकडे लक्ष द्या.

अर्थसहाय्य समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडून मिळतं. 2016 च्या नियमांप्रमाणे जातीवरून अपमानाच्या गुन्ह्यात 1 लाख रुपये: एफआयआरनंतर 25 टक्के, दोषारोपपत्रानंतर 50, शिक्षा झाल्यावर उरलेले 25. खुनात 8 लाख 25 हजार. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्रानंतर, शिवाय वारसांना पेन्शन. नियम सात दिवसांत मदत द्या म्हणतात, प्रत्यक्षात प्रस्ताव ठाण्यात पडून राहतो. पासबुक, आधार, जातीचा दाखला आणि एफआयआरची प्रत घेऊन स्वतः समाजकल्याणला जा आणि प्रस्ताव आला का विचारा. पैसे घेतले म्हणजे केस पैशासाठी केली, असं गावात बोललं जाईल. बोलू द्या. साक्षीला जायचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळणं हाही नियमांतला हक्क आहे, तो बहुतेक कोणी मागतच नाही.

या कायद्यात अटकपूर्व जामिनाला कलम 18 ची आडकाठी आहे. जामिनाच्या प्रत्येक अर्जाची नोटीस पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. नोटीस न देता जामीन झाला असेल तर खंडपीठात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, अपील करता येतं. खासगी वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, महिलेला, मुलाला तिथं उत्पन्नाची अट नाही. त्यांचा नंबर 15100.

सोबत आणि शिक्षण

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते, दर तीन महिन्यांनी तिची बैठक व्हायची असते. तिच्यातल्या अशासकीय सदस्यांची नावं समाजकल्याणमधून घ्या आणि रखडलेल्या प्रकरणाचा कागद बैठकीआधी त्यांच्या हातात द्या. प्रकरण जिल्ह्यात अडलं तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला लिहा. त्याला साक्षीसाठी अधिकाऱ्यांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

शिकायचं कुठं? पुण्याच्या बार्टीचे (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे) समतादूत तालुक्यांत फिरतात, त्यांच्याकडे कायद्याची माहिती आणि कार्यशाळांचा पत्ता असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं आणि त्यांना प्रशिक्षण देतं. अर्ज निघाले की भरा, ओळखपत्र मिळतं आणि ठाण्यातलं ‘तू कोण?’ संपतं. मराठवाड्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी बीड जिल्ह्यातून उभं केलेलं मानवी हक्क अभियान गायरान आणि अत्याचाराच्या प्रश्नांवर गावपातळीवर काम करत आलं आहे; त्या फळीतले जुने कार्यकर्ते तुमच्या तालुक्यात असतील तर त्यांना गाठा. जातपंचायतीचं प्रकरण असेल तर अंनिसकडे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीकडे) त्याचा अनुभव आहे.

यासोबत जिल्हा न्यायालयातल्या विशेष कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी उघडी असते. फिर्यादीची उलटतपासणी ऐका. ‘हे तुम्ही पहिल्या जबाबात का सांगितलं नाही?’ हा प्रश्न वकील कोणत्या कोणत्या बाबतीत विचारतो, ते वहीत उतरवून घ्या. पुढच्या वेळी ठाण्यात जाताना ती वही सोबत न्या.